घोटलेली भिंत

लुपे वाइपुलूने पहिली भिंत दुरुस्त केली तेव्हा ती शाळेत जात होती, आणि त्या भिंतीला भोक पाडलं होतं तिच्या बापाने.

मांगेरेतल्या त्या सरकारी भाड्याच्या घराच्या भिंती म्हणजे लाकडी खांबांवर ठोकलेले प्लास्टरचे बोर्ड. मानासे वाइपुलू मेंढ्यांच्या कत्तलखान्यात कामाला होता. रात्रपाळीत सुरी चालवून आलेला त्याचा हात घरी आल्यावरही थांबत नसे. आधी तो भिंतीवर पडे, मग बायकोवर, मग जे पोर जवळ सापडेल त्याच्यावर. लुपेची आई सेलुवाया भोकांवर चर्चची कॅलेंडरं टांगायची. एका वर्षी भोकं जास्त झाली आणि कॅलेंडरं संपली, आणि नेमका त्याच आठवड्यात घर तपासायला सरकारी माणूस येणार होता.

सेलुवायाने आपल्या भावाला फोन केला. फेलेती मामा बोर्डांचे सांधे बुजवून भिंती सपाट करायचं काम करत असे. तो लांबीची, म्हणजे भेगा बुजवायच्या पांढऱ्या लगद्याची, बादली घेऊन आला.

"कुठंय तो?"

"झोपलाय. हळू बोल."

"झोपू दे. उठला तर त्यालाच भिंतीत चिणतो." मग त्याचं लक्ष लुपेकडे गेलं. "आणि तू गं? भोकाकडं बघत काय उभी? ते काय आपोआप भरणार आहे? ये, पट्टी धर."

भोक चौकोनी कापायचं, मागे लाकडाची पट्टी द्यायची, नवा तुकडा बसवायचा, कागदी फीत लावायची, मग लांबी. लुपेने लांबी भरभरून थापली. मामाने ती सगळी खरवडून काढली.

"जाड थापलीस तर वाळताना तडकते. पातळ लाव. वाळू दे. परत पातळ. राग आला तर अंगणात जाऊन शिव्या घालून ये, पण हात हळूच चालला पाहिजे."

सरकारी माणूस आला, भिंतीवरून हात फिरवला, चहा प्यायला आणि गेला. संध्याकाळी मानासे उठला. बराच वेळ त्या भिंतीसमोर उभा राहिला.

"कुणी केलं हे?"

"मी," लुपे म्हणाली. तिला वाटलं, आता बाबा शाबासकी देणार.

मानासे हसला. त्याने त्याच जागी मूठ मारली. कोपरापर्यंत हात आत गेला. तो बाहेर काढून त्याने पांढरी भुकटी झटकली आणि म्हणाला, "आता परत कर."

तिने परत केली.

शाळा सुटल्यावर ती मामाच्याच हाताखाली गेली. कामावरची पुरुषमंडळी पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशी तिच्या मागून दिवा धरून भिंतीतले खड्डे शोधायला लागली, आणि सापडेनात तेव्हा तिला जेवणात वाटा द्यायला लागली. आकाराने ती थोराड होती, खांदे रुंद, आवाज खर्जातला. छतं करायची म्हणून पायांना ॲल्युमिनियमचे उंच पाय बांधून ती खोलीभर चालायची.

केपूशी तिची ओळख झाली ती चर्चच्या गायकमंडळात, आणि मग लग्न. केपू परांच्या बांधायचा. आवाज असा की म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या. घरी आल्यावर मात्र त्याला लुपेचं सगळंच खुपायचं. ती त्याच्यापेक्षा जास्त हसते, पुरुषांत काम करते, आल्यावर अंगाला चुन्याचा वास येतो. पहिल्यांदा त्याने तिचं बोट मोटारीच्या दारात चिरडलं. मग बरगडी. मग जबडा. इस्पितळात ती सांगायची, शिडीवरून पडले.

"तुझी शिडी फार मारकी दिसते गं," तिथली नर्स एकदा म्हणाली.

लुपे हसली नाही. जबडा तारांनी बांधलेला होता.

हे सगळं संपलं ते एका भर दुपारी, ओतारामधल्या एका अर्धवट घरात. लुपे उंच पायांवर चढून छताला लांबी लावत होती. केपू जेवणाच्या सुट्टीत आला.

"खाली ये."

"ओली लांबी आहे. पाच मिनिटं थांब."

"खाली ये म्हणतोय ना!" त्याने तिचा एक पाय धरून ओढला. ती लादीवर आडवी कोसळली, वरून बादली. ते पाहून केपू हसायला लागला. पोट धरून, मान मागे टाकून, अगदी मोकळेपणी. आणि त्याच्या हसण्यात लुपेने पट्टे सोडले, एक धातूचा पाय हातात घेतला आणि त्याच्या तोंडावर घातला.

त्याचे दात लादीवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर पडले. तो गुडघ्यावर आला. तिने दुसरा घाव घातला, मग तिसरा. फेलेती मामाने तिला मागून कवेत धरलं तेव्हा ती थांबली. पहिला घाव भीतीपोटी घातला होता हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण दुसऱ्या घावाला अंगातून गरम काहीतरी वर आलं होतं, आणि ते गोड होतं. बापाला रोज हेच होत असणार, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ती ओकली.

"आता इथं राहू नकोस," मामा म्हणाला. "हा उठला तर तुला मारील. नाही उठला तर तू आत जाशील. निघ."

केपू उठला, पण तोवर लुपे तौरंगाच्या बसमध्ये बसलेली होती. कपड्यांवर लांबी, लांबीवर त्याचं रक्त. शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही.

तौरंगाकडे तिने आधी किवीफळं पेट्यांत भरली. मग ओमोकोरोआच्या बाजूला बागा तोडून घरं उठायला लागली, तशी ती आपल्या कामावर परतली. वर्षं गेली. तिने पुन्हा लग्न केलं नाही. रविवारी आईला फोन करायची, शनिवारी मासे पकडायला जायची. कुणी आवाज चढवला की आपले दोन्ही हात खिशात घालायची तिला सवय लागली होती. लोकांना वाटायचं, बाई शांत आहे.

ब्रेंट आर्डलीने तिला बोलावलं ते चुन्याच्या गिलाव्यासाठी. ब्रेंट लोकांना हवी तशी घरं बांधून द्यायचा. उंचापुरा, उन्हाने भाजलेला, मोठ्याने हसणारा माणूस. शुक्रवारी कामगारांसाठी स्वतः सॉसेज भाजायचा आणि प्रत्येकाच्या पोरांची नावं लक्षात ठेवायचा. घरं कशी दिसावीत हे ठरवायची त्याची बायको फिलिपा. बारीक, चटपटीत, खिशात कायम रंगाच्या चिठ्ठ्या आणि लाकडाचे तुकडे.

त्या वर्षी दोघांनी खाडीच्या वरच्या टेकाडावर नमुनाघर बांधायला काढलं. लोकांनी यावं, आत फिरावं, हात लावावा आणि म्हणावं, असंच आमचं बांधा. बाहेरून जाळून काळं केलेलं लाकूड. आत शिरलं की तिरकं छत एकदम वर जायचं, त्याला फिकट ओकच्या फळ्या. ओटा एकाच दगडाचा, कडेवरून वळून सरळ जमिनीला टेकलेला, दगडातली शीर वरून खालपर्यंत न तुटता उतरलेली. नळ पितळेचे आणि मुद्दाम पॉलिश न केलेले, म्हणजे हात लागून लागून काळवंडावेत. न्हाणीघराला उंबरा नाही, टब काचेसमोर एकटा. आणि सबंध घरात भिंतीखाली पट्टी नव्हती, दारांना चौकट नव्हती. भिंत जमिनीच्या बोटभर वर थांबायची आणि तिच्याखाली नुसती काळी रेघ.

"पट्टी असली की तिच्यामागं सगळ्यांची पापं झाकतात," सुतार कुरकुरला. "इथं काय झाकायचं?"

"नीट काम कर, मग झाकावं लागणार नाही," फिलिपा म्हणाली.

बैठकीची मोठी भिंत लुपेची. फिलिपाने तिच्यासाठी किनाऱ्यावरून एक दगड आणला होता. तिने तो पाण्यात बुडवून वर धरला.

"हा रंग. ओला असतानाचा."

"दगड वाळतो, फिलिपा."

"वाळलेला नकोय मला."

"मग लोक यायच्या आधी भिंतीवर पाइपने पाणी मारत बस."

फिलिपा इतकी हसली की दगड तिच्या हातून पडला. त्या दिवसापासून त्या दोघी दुपारचा डबा एकत्र खायला लागल्या. लुपे चुन्याचे थर देत गेली, पातळ, त्यावर पातळ, आणि शेवटचा थर लोखंडी थापीने घोटत राहिली. हळूहळू भिंतीला खोली आली. सकाळी ती राखाडी दिसायची, दुपारी हिरवट, आणि खरंच ओली.

त्याच भिंतीत एक लपलेलं दार होतं. मूठ नाही, फट नाही. ढकललं की उघडायचं. मागे दुसरं स्वयंपाकघर. खरकटं, किटली, टोस्टर सगळं तिकडे, म्हणजे पुढचा ओटा कायम रिकामा. उद्‌घाटनाच्या दिवशी आत कुणी काम करत असताना पाहुणे दार ढकलत राहू नयेत म्हणून फिलिपाने त्याला आतून कडी बसवून घेतली होती.

उद्‌घाटनाला थोडे दिवस उरले असताना ब्रेंटचा फोन आला. "लुपे, एक छोटी भानगड झालीय. फर्निचरवाल्या पोरांची ट्रॉली लागली. येतेस जरा?"

भोक बेडरूमकडे जाणाऱ्या बोळात होतं, माणसाच्या छातीच्या उंचीवर. लुपेने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. चार खोलगट ठसे एका ओळीत. कागदाच्या फाटलेल्या कडेला तपकिरी डाग.

फिलिपा मागे येऊन उभी होती. उन्हाळा असून तिने गळ्याभोवती रुमाल गुंडाळला होता.

"ट्रॉलीला बोटं होती का गं?" लुपेने वळून न बघता विचारलं.

"तू तुझी भिंत बघ, लुपे."

"भिंतच बघतेय. पुढचा ठोसा भिंतीला लागत नाही."

"त्याच्या डोक्याला ताण आहे. सगळं या घरावर लागलंय. एकदा उद्‌घाटन होऊ दे."

"माझी आई म्हणायची, एकदा नाताळ होऊ दे. तिथं नाही राहायचं तुला तर माझ्याकडं खोली आहे."

"मी काय तुझ्यासारखी..." फिलिपा अर्ध्यात थांबली आणि तिचा चेहरा लाल झाला. "भिंत कर आणि जा."

लुपेने भिंत केली. हात हळू ठेवायला तिला त्या दिवशी फार जड गेलं.

उद्‌घाटनाला माणसं लोटली. दारात झेंडे, ओट्यावर वाईनचे ग्लास आणि चीजच्या पाट्या. ब्रेंटने लुपेला मुद्दाम बोलावलं होतं, स्वच्छ कपडे घालून. "ही आमची कलाकार," तो प्रत्येकाला सांगायचा. "लुपे, हात दाखव तुझे." आणि लोक तिचे हात बघायचे, बाजारात म्हशीचे दात बघावेत तसे. चिरडून वाकडं झालेलं बोटही बघायचे. विचारलं कुणीच नाही.

दुपारी एका म्हाताऱ्या जोडप्याला लपलेलं दार फार आवडलं. बाईंनी चार वेळा उघडून मिटून बघितलं.

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"माझ्याच," ब्रेंट म्हणाला. "रात्री झोपेतून उठलो आणि कागदावर काढलं."

फिलिपाच्या हातात ग्लास होता. पहाटेपासून ती उभी होती, पोटात अन्न नव्हतं. ती हसली आणि म्हणाली, "ब्रेंटला तिथं दारूचा बार हवा होता. वर निळे दिवे."

भोवतालचे सगळे खो खो हसले. ब्रेंट सगळ्यांत मोठ्याने हसला. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो हसत होता आणि त्या हाताची बोटं तिच्या खांद्यात रुतत चालली होती. लुपेने ते पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

चार वाजता शेवटची मोटार टेकाड उतरली. लुपे गॅरेजमध्ये आपली अवजारं गोळा करत होती. घरात कुठेतरी काच फुटली. मग काहीतरी जड, मऊ पडल्यासारखा आवाज. मग फिलिपाचा आवाज, एकच शब्द, आणि तोही अर्धा.

लुपे बैठकीत धावली. बैठक रिकामी, चकचकीत, फुलं जागच्या जागी. आवाज भिंतीतून येत होता. तिने दार ढकललं. कडी आतून लावलेली. खांद्याने धडक दिली. चुन्याखाली दार जाड ओकचं, हललं नाही. आत कुणाचीतरी टाच कपाटावर आपटत होती. धड, धड, धड. मग आपटण्यातलं अंतर वाढायला लागलं.

"ब्रेंट! दार उघड!"

"घरी जा लुपे," तो आतून म्हणाला. आवाज दमलेला पण शांत होता, मोठं कपाट उचलणाऱ्या माणसाचा असतो तसा.

गॅरेजमध्ये सुताराचा वजनी हातोडा पडला होता. तो घेऊन ती परत आली आणि दाराच्या शेजारी आपल्या घोटलेल्या भिंतीवर तिने पहिला घाव घातला. आठवडाभराचं काम बशीसारखं फुटलं. चुना, कागद, प्लास्टर, पलीकडचा बोर्ड, त्याच्यामागची फळी, फळीवरच्या शोभेच्या काचेच्या बरण्या, सगळं आत कोसळलं. दोन खांबांमध्ये वीतभर वाट झाली. तिने त्यात डोकं आणि एक खांदा घातला आणि तिथेच अडकली.

ब्रेंट बायकोच्या छातीवर गुडघा देऊन बसला होता, दोन्ही हात तिच्या गळ्यावर. फिलिपाचा चेहरा जांभळा पडला होता. ब्रेंटने वर पाहिलं. अडकलेली लुपे पाहून त्याला आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही. तो उठला, खोक्यातून एक जादा राहिलेला पितळी नळ उचलला आणि तिच्या डाव्या कानावर घातला.

कानात शिट्टी वाजली आणि त्या बाजूचं जग बंद झालं. दुसरा फटका नाकावर. तोंडात रक्त भरलं. तिसऱ्या फटक्याला तो जवळ वाकला तेव्हा लुपेने मोकळ्या हाताने त्याच्या शर्टाची गळपट्टी पकडली आणि त्याचं तोंड खांबावर ओढून आपटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा आपटलं. तो तिच्या मनगटाला चावला. तिने सोडलं नाही. खांबाचा खिळा सुटला, उरलेला बोर्ड तुटला, आणि ती आत, त्याच्या अंगावर, काचांवर पडली.

तिथे वळायलाही जागा नव्हती. त्याने तिच्या डोळ्यात अंगठा खुपसला. तिने गुडघा मारला. दोघांच्या वजनाखाली काच करकर वाजत होती. बाजूला फिलिपा पालथी होऊन खोकत होती आणि कडीकडे सरपटत होती. ब्रेंटने एक हात लांबवून तिचा पाय धरला. तो हात ताणलेला, कोपर कपाटाच्या कडेवर. लुपेला काचांमध्ये पडलेला हातोडा सापडला. तिने कोपरावर मारला.

सुक्या फांदीसारखा आवाज झाला. ब्रेंट किंचाळला, आडवा झाला, छातीशी हात घेऊन लोळायला लागला. "बस," तो म्हणाला. "बस, लुपे, बस."

लुपेने ऐकलं. उजवा कान चालू होता. तिने पुन्हा त्याच कोपरावर मारलं.

फिलिपाने कडी काढली. ती बैठकीतून, फुलांजवळून, समोरच्या दारातून बाहेर चालत गेली आणि झेंड्याच्या काठीला धरून उभी राहिली. शेजारच्याने पोलिसांना फोन केला.

इस्पितळात लुपेच्या खोलीबाहेर पोलीस बाई बसवली होती. संध्याकाळी ती आत आली.

"मिसेस आर्डली सांगतात, तू अचानक बिथरलीस. भिंत फोडून घुसलीस आणि नवऱ्यावर हल्ला केलास."

"फोडली. घुसले."

"त्यांच्या गळ्याला काही झालेलं नाही म्हणतात."

"मग ह्या उकाड्यात रुमाल कशाला गुंडाळलाय, विचार तिला."

पोलीस बाई गेली. लुपे छताकडे बघत पडली. छताचा सांधा वाईट भरलेला होता. तिला इतका राग आला होता की हाताला लावलेली सुई उपसून फेकावीशी वाटली. आणि मग तिला आठवलं, आपणही किती शांतपणे शिडीचं नाव सांगायचो. राग त्याने कमी झाला नाही. फक्त तो कुणावर काढायचा ते कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिलिपा आली. दारातच उभी राहिली. आवाज पूर्ण बसलेला, घोगरा.

"मी खोटं सांगितलं."

"ठाऊक आहे."

"तू चिडली नाहीस?"

"चिडलेय. पुढं येऊ नकोस, हात उठेल माझा."

फिलिपा तिथेच उभी राहिली. "त्याचा हात कायमचा गेला म्हणतात. तो रडत होता. मला म्हणाला, आपण दोघं मिळून सावरू. मी... मी उद्या पोलिसांना खरं सांगते."

"आज सांग," लुपे म्हणाली. "उद्या फुलं येतील त्याची."

 फिलिपाने गळ्यावरचा रुमाल सोडला, घडी केली, खिशात घातला आणि बाहेर बसलेल्या पोलीस बाईकडे गेली.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. फिलिपाच्या गळ्याची छायाचित्रं होती, तिच्या पूर्वी मोडलेल्या हाडांच्या, नीट जुळलेल्या आणि न जुळलेल्या, नोंदी होत्या. ब्रेंटला तुरुंग झाला, पण कोपरावरच्या दुसऱ्या घावासाठी लुपेवरही गुन्हा लागला होता. सुनावणीत ब्रेंटच्या वकिलाने लुपेला उभी करून विचारलं होतं, "माझे अशील खाली पडले होते. 'बस' म्हणाले. ते तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं."

"तरी पुन्हा मारलंत?"

"मारलं."

"का?"

लुपेच्या स्वतःच्या वकील बाई मान हलवत होत्या, सांग की घाबरले होते. लुपेने विचार केला. "कारण मला मारायचं होतं," ती म्हणाली.

 त्या एका घावासाठी तिला शिक्षा झाली: काही महिने शनिवारी सार्वजनिक सभागृहांच्या भिंती रंगवायच्या. तिचे मासे बुडाले, एवढंच ती म्हणायची. डावा कान मात्र परत आला नाही. आणि मोठ्या घरांची कामंही आली नाहीत. भिंत फोडणारी बाई भिंत करायला कोण बोलावणार?

नाताळात ती मांगेरेला गेली. मानासे आता खुर्चीत असायचा, अर्धं अंग लुळं, तोंडातून लाळ. सेलुवाया त्याला चमच्याने भरवत होती. त्याला झोपवून ती स्वयंपाकघरात आली, अळूसारख्या तारोच्या पानांत मटण बांधायला बसली आणि हळूच म्हणाली, "उजव्या बाजूला बस, म्हणजे ऐकू येईल. खरंच मारलंस त्याला?"

"खरंच."

"कुठं?"

लुपेने कोपर दाखवलं.

"दोनदा?"

"दोनदा."

सेलुवायाने आतल्या खोलीकडे पाहिलं. मग तिने तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलायला लागले. लुपेला वाटलं आई रडतेय. पण ती हसत होती, डोळ्यांतून पाणी काढून, आवाज न करता, इतक्या वर्षांच्या सवयीने. हसणं ओसरल्यावर तिने पान हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं.

"तो आवाज कसा आला, परत सांग," ती म्हणाली.

लुपेने सांगितलं. आणि सांगताना तिला पुन्हा तेच गरम काहीतरी वर येताना जाणवलं. ती उठून अंगणात गेली.

फिलिपा आता वाकातानेत फरशीच्या दुकानात असते. तिचा आवाज घोगराच राहिला. लुपेला फरशी लागली तर ती तिथूनच आणते, आणि दोघी दुकानामागे उभ्या राहून मटण भरलेली पेस्ट्री खातात. त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. नमुनाघर विकलं गेलं. भिंत दुसऱ्या कुणीतरी भरली आणि वरून पांढरा रंग मारला असं ऐकिवात आहे. लुपे बघायला गेली नाही. ती आता 'ते पुके' नावाच्या गावाच्या आसपास साधी घरं करते.

गेल्या शरद ऋतूत ती तौरंगाच्या हार्डवेअरच्या दुकानात लांबीची बादली घ्यायला गेली होती. रंगांच्या रांगेत वळली आणि समोर ब्रेंट. सुटून त्याला थोडेच दिवस झाले असावेत. बारीक झाला होता. उजवा हात कोपरात वाकलेला, तसाच थिजलेला. डाव्या हातात ब्रशचं पाकीट.

"लुपे," तो म्हणाला.

रांग अरुंद होती. लुपेने बादलीची कडी घट्ट धरली. भरलेली बादली कुठवर फिरेल आणि कुठे लागेल हे तिच्या हाताने तिला न विचारता मोजलं. ब्रेंटनेही बादलीकडे पाहिलं.

"मी काही करणार नाही," तो म्हणाला.

"मी करीन," लुपे म्हणाली. "तू जा."

ब्रेंटने ब्रश फळीवर ठेवले आणि तो गेला. लुपेने पैसे दिले, बादली गाडीत ठेवली, दार लावलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली.  तिने लगेच गाडी सुरू केली नाही. 'ते पुके'तल्या घरात बोर्ड ठोकून तयार होते आणि मालकीणबाई वाट बघत असणार होत्या. थोड्या वेळाने लुपेने आरसा सरळ केला, उजवा कान खिडकीकडे करून रस्ता ऐकला आणि गाडी बाहेर काढली.